डोळ्यात, डोळ्यातून

डॉ. चंद्रिका हत्तुरे त्या मंगळवारी सकाळपासून चिडल्या होत्या, आणि चिडायला त्यांनी माणूस मात्र चुकीचा निवडला होता. बाळीवेशीतल्या त्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मंगळवारी पन्नास-साठ पेशंट असतात. त्या सगळ्यांना दुपारनंतर या म्हणून परत पाठवायचं. का, तर वळसंगच्या कुणा काशम्मा बगले नावाच्या बाईनं डॉक्टरवर केस केली आहे आणि तिच्यात चंद्रिकाबाईंना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभं राहायचं आहे. "स्वतः पथ्य पाळायचं नाही, डोळा घालवून बसायचं, आणि वर डॉक्टरला खेचायचं," असं त्या रिक्षात बसता बसता कंपाउंडरला म्हणाल्या. कंपाउंडरनं मान हलवली. तीस वर्षं तो त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत आला होता.

केस साधी होती, निदान कागदावर तरी. काशम्मा साठीची बाई, ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकणारी. दोन वर्षांपूर्वी डॉ. अजिंक्य वैरागकर यांच्या नेत्रालयानं वळसंगला मोफत शिबिर घेतलं. तिथं तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, नेत्रालयाच्याच गाडीनं तिला सोलापूरला आणलं आणि शनिवारी ऑपरेशन झालं. पुढच्या शुक्रवारी डोळ्यात पू भरला, आणि सोमवारी दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात तो डोळा काढून टाकावा लागला. काशम्मानं जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. आयोगानं तीन नेत्रतज्ज्ञांची समिती नेमून अहवाल मागवला. समितीचे प्रमुख डॉ. पंचाक्षरी, वयानं आणि मानानं गावातल्या सगळ्या डोळ्यांच्या डॉक्टरांत थोरले. दुसरे एक डॉक्टर नंतर नाशिकला निघून गेले. तिसऱ्या चंद्रिकाबाई.

अहवाल पंचाक्षरी सरांनीच लिहून आणला होता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी काशम्मा दाखवायला आली, तेव्हा नेत्रालयातल्या सिस्टरनं केसपेपरवर लिहून ठेवलं होतं, 'डोळ्यात पाणी गेले.' झालं, आणखी काय पाहिजे? "अहो, तो दिवस सोमवार होता," सर चहा ढवळत म्हणाले होते. "आपल्या लिंगायत घरातल्या बायका सोमवारी पूजेआधी डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय राहतात होय? माझी आई न्यूमोनियात राहिली नाही." तिघंही हसले. चंद्रिकाबाई जरा जास्तच हसल्या, कारण त्यांच्या आईचंही तेच होतं. 'रुग्णाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जंतुसंसर्ग' असं अहवालात होतं. त्याखाली दोन सह्या होत्या, तिसरी त्यांनी केली. कपातला चहा अजून गरम होता.

आता सर मुलाकडे कॅनडात, दुसरे नाशिकला. म्हणून साक्षीला चंद्रिकाबाई. सरांनी तिथून फोन करून सांगितलं होतं, "अहवाल बरोबर आहे, एवढंच म्हणायचं. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांच्या कामासाठी त्या आयोगाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर पाऊण तास बसल्या. एप्रिलमधलं सोलापूर, वरचा पंखा नुसता घरघरत होता. त्यांनी आईला फोन लावला आणि गोळी घेतली का, भात खाल्ला का, हे कानडीत विचारून घेतलं. बाहेर सगळं मराठीत चालायचं, घरात कानडी. हत्तुऱ्यांच्या घरात चार पिढ्या हेच.

फोन ठेवला तशी शेजारची बाई सरकून जवळ आली. हिरवं इरकल लुगडं, कपाळाला विभूती, डोळ्यांवर काळा चष्मा. "नीवू कन्नडदवरेन्री?" तुम्ही कानडी का हो, असं तिनं इतक्या आनंदानं विचारलं की चंद्रिकाबाईंनी "हौद्री" म्हणून टाकलं. मग बाई बोलतच सुटली. आपली मुलगी महेश्वरी झेरॉक्स काढायला गेली आहे, इथं सगळे मराठीत बोलतात, वकीलसाहेब चांगले आहेत पण त्यांना कानडी येत नाही, आपल्याला मराठी येतं ते भाकरी विकण्यापुरतं. गाव? गाव वळसंग.

चंद्रिकाबाईंना काय ते कळलं. साक्षीदारानं इथं उठून दुसरीकडे जाऊन बसायचं असतं, हेही त्यांना माहीत होतं. त्या उठल्या नाहीत. सकाळपासूनचा राग होता, आणि समोर आयती बाई सापडली होती. त्यांनी कानडीत सरळ विचारलं, "मग अक्का, त्या सोमवारी डोक्यावरून पाणी का घेतलंत?"

काशम्मा जरा मागे सरकली. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कागदात आहे."

"कागदात आहे, ते मलाही सांगितलंय सगळ्यांनी." तिचा आवाज चढला. "गावात भाकरी न्यायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, काशम्मा, डॉक्टर नको म्हणाला होता तरी कशाला आंघोळ केलीस? माझा जावई म्हणतो. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगते, त्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तो पहिला सोमवार, बिनआंघोळीचा. आंघोळ नाही म्हणून मी पूजेला बसले नाही, मुलीनं केली पूजा. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. डॉक्टर म्हणाला पाणी लावायचं नाही, मी लावलं नाही. पाणी तर डोळ्यातूनच चाललं होतं! तेच सांगायला आले मी तिथं. महेश्वरी खाली औषधाच्या लायनीत होती, मी एकटीच वर. त्या सिस्टरला सांगितलं, बाई गं, कण्णागिंद नीर होंटाव!"

"काय सांगितलंत?"

"कण्णागिंद नीर होंटाव. रात्रभर. उशी भिजली."

चंद्रिकाबाईंनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्यांनी ते वाक्य स्वतःशीच म्हणून पाहिलं.

कण्णाग म्हणजे डोळ्यात. कण्णागिंद म्हणजे डोळ्यातून. नीर म्हणजे पाणी, आणि होंटाव म्हणजे निघालंय, चाललंय. डोळ्यातून पाणी चाललंय, असं म्हणाली होती ही बाई. आणि ती सिस्टर असणार सोलापुरातल्या निम्म्या लोकांसारखी, अर्धं कानडी येणारी. बाजारात भाव करण्यापुरतं, रस्ता सांगण्यापुरतं. तिच्या कानात कण्णाग पडलं, नीर पडलं, 'गेलं'सारखं काहीतरी पडलं. मधला 'इंद' कुठं तरी गर्दीत सांडला. तिनं लिहिलं, 'डोळ्यात पाणी गेले.' आणि त्या सांडलेल्या 'इंद'पायी साठ वर्षांची एक बाई दोन वर्षं गावाच्या शिव्या खात होती.

चंद्रिकाबाईंनी मांडीवरची फाइल उघडली. केसपेपरची झेरॉक्स त्यांच्याकडे दीड वर्ष होती. सांगायला लाज वाटावी, पण ती त्यांनी आता पहिल्यांदाच वाचली. अहवालात एकच ओळ उचलली होती. केसपेपरवर ओळी चार होत्या. 'डोळ्यात पाणी गेले. दुखते. उशी ओली. ड्रॉप्स चालू ठेवणे, ८ दिवसांनी दाखवणे.' खाली सिस्टरची आद्याक्षरं होती. डॉक्टरची सही नव्हती. बाईला मशीनवर बसवून डोळा पाहिल्याची एक खूण त्या कागदावर नव्हती.

'उशी ओली.' हे शब्द त्यांनी पुन्हा वाचले. न्हाणीघरात डोळ्यात गेलेल्या पाण्यानं रात्री उशी भिजत नाही. हे कळायला कानडी लागत नाही, डॉक्टरही व्हावं लागत नाही. कागद वाचावा लागतो, बस्स. तीन तज्ज्ञ बसले होते त्या दिवशी टेबलाभोवती, तिघांच्या डिग्र्या मोजायला पाटी पुरली नसती. तिघांपैकी दोघांच्या घरात कानडी. आणि तिघं मिळून सोमवारच्या आंघोळीवर हसले.

राग आता खरा आला. जंतुसंसर्ग कुणाच्याही हातून होतो. चंद्रिकाबाईंच्या हातूनही एकदा झाला होता; पण तो पेशंट डोळा दुखतो म्हणाला त्याच तासाला त्यांनी त्याला मशीनवर बसवलं होतं, डोळ्यात इंजेक्शन दिलं होतं आणि स्वतःच्या गाडीत घालून पडद्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्याचा डोळा वाचला. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी पेशंट म्हणते दुखतंय, पाणी वाहतंय, तर तिच्या डोळ्यात बघायचं. डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळ्यात बघायचं! एवढी साधी गोष्ट. ती कुणी केली नाही, बाईला आठ दिवसांनी यायला सांगितलं, आणि डोळा गेल्यावर पुन्हा तिलाच निष्काळजी ठरवलं.

"नमस्कार मॅडम." डॉ. अजिंक्य वैरागकर समोर वाकून पाया पडत होता. पांढराशुभ्र शर्ट, बरोबर त्याचे वकील शहाजी गुंड. पंधरा वर्षांपूर्वी तो चंद्रिकाबाईंच्या हाताखाली काम शिकला होता. त्यांच्या शेजारी काशम्मा बसली आहे हे त्याला ओळखूही आलं नाही. त्यानं तिला ऑपरेशनच्या टेबलावर चादरीखाली पाहिलं होतं तेवढंच.

चंद्रिकाबाई उठून त्याला बाजूला घेऊन गेल्या. "अजिंक्य, त्या सोमवारी तू हिला पाहिलंस?"

"कुणाला?" मग त्याच्या लक्षात आलं. "मॅडम, त्या दिवशी मंगळवेढ्याला शिबिर होतं माझं. एकशे दहा पेशंट. सिस्टर ट्रेन्ड आहे आपली."

"सिस्टरला मशीनवर डोळा बघता येतो?"

तो हसला. "मॅडम, अहवाल तुमचाच आहे की. आता कशाला हे?" आणि मग, आवाज खाली आणून, "असं बघा, आज माझ्यावर आलंय, उद्या कुणावरही येईल. आपणच आपल्या माणसाच्या विरुद्ध उभे राहायला लागलो तर प्रॅक्टिस कोण करील? तुम्हीच मला टाका घालायला शिकवलात."

"टाका शिकवला," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "पेशंटकडे बघायचं शिकवायचं राहिलं. ते आपोआप येत असेल असं मला वाटलं होतं."

आतून पुकारा झाला.

आत लांबट टेबलामागे आयोगाचे अध्यक्ष आणि दोन सदस्य, खाली एका बाजूला टायपिस्ट. शपथ झाली. शहाजी गुंड कागद घेऊन पुढे आले. त्यांनी मनात दहाच मिनिटं धरली होती.

"या अहवालावरची तिसरी सही तुमची?"

"माझी."

"त्यातला मजकूर खरा आणि बरोबर आहे?"

"नाही."

गुंड पुढच्या प्रश्नाला लागले होते, ते थांबले. अजिंक्यनं मोबाइल खाली ठेवला. काशम्माचे वकील जालिंदर बनसोडे गेले दीड वर्ष हा अहवाल खोडायला एक तरी डोळ्यांचा डॉक्टर मिळतो का म्हणून सोलापूर, पंढरपूर, पार लातूरपर्यंत फिरले होते. 'तुमचं म्हणणं पटतं हो, पण आमचं नाव नको' हे एकच वाक्य त्यांनी सात दवाखान्यांत ऐकलं होतं. ते खुर्चीवरून अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

"नाही म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी मला एक कबूल करायचं आहे," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "मघाशी बाहेर मी तक्रारदार बाईंशी बोलले. बोलायला नको होतं. मी त्यांना रागावायला गेले होते. त्यांनी मला सांगितलं ते ऐकून मी केसपेपर वाचला. सही करताना वाचला नव्हता."

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. गुंडांचा आवाज खोलीत मावेना. साक्षीदार तक्रारदाराला जाऊन भेटली! साक्षीदार फितूर झाली आहे, तशी नोंद व्हावी! तज्ज्ञ म्हणवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या सहीवर पाणी सोडावं, हे या आयोगानं कधी पाहिलं आहे का?

"फितूर मी त्या दिवशी झाले, वाचल्याशिवाय सही केली तेव्हा," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "आज मी वाचून आले आहे. आज विचारा."

अध्यक्षांनी गुंडांना बसवलं. चंद्रिकाबाईंना म्हणाले, त्या बाई काय म्हणाल्या ते तुम्ही सांगू नका. आम्ही त्यांनाच विचारतो. काशम्माला पुढे बोलावलं. तिनं खुर्चीचा हात चाचपून धरला. "आजी, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलात तेव्हा सिस्टरला काय सांगितलंत? त्याच शब्दांत सांगा."

"मराटीत न्हाय येत मला नीट," काशम्मा म्हणाली.

"त्या दिवशी ज्या भाषेत बोललात त्या भाषेत बोला."

काशम्मा खोलीकडे वळून, एकेक शब्द मोजून द्यावा तसं म्हणाली, "कण्णागिंद नीर होंटाव."

अध्यक्षांना कानडी येत नव्हतं, सदस्यांना नव्हतं. चंद्रिकाबाईंकडून अर्थ घ्यायला गुंडांची हरकत, महेश्वरीकडून घ्यायलाही हरकत. शेवटी दारात उभा असलेला शिपाई शिवयोगी आत आला. तो अक्कलकोटकडचा, आणि या केसशी त्याचा पाणी आणून देण्यापलीकडे काही संबंध नव्हता.

"सायेब, डोळ्यातनं पानी चाललंय, असं म्हनत्यात त्या," शिवयोगी म्हणाला.

"डोळ्यात पाणी गेलं, असा अर्थ होतो का?"

"न्हाय न्हाय. आत गेलं म्हनायचं आसतं तर 'कण्णाग नीर होग्याव' म्हनल्या आसत्या. ह्ये भाईर चाललंय की. लई फरक हाय सायेब त्येच्यात."

"दोन वर्षांनी बाई काहीही म्हणतील!" गुंड पुन्हा उठले. "व्याकरण पढवून आणायला दोन वर्षं भरपूर झाली. कागदावर जे आहे ते आहे. 'डोळ्यात पाणी गेले.' आणि सोमवार होता, हेही विसरून चालणार नाही. या घरांतली रीत सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे."

"त्या सोमवारी मी न्हाले न्हाय!" काशम्मा मराठीतच ओरडली. "मी पूजेला बसले न्हाय! डाक्टरचं ऐकून देवाला हात लावला न्हाय मी, आन तुमी मला..." पुढचं तिला मराठीत सापडेना. महेश्वरीनं तिला धरून खाली बसवलं.

"वकीलसाहेब," चंद्रिकाबाई म्हणाल्या, "या बाईंना व्याकरण पढवलं असं म्हणता. मग तुमच्याच दवाखान्याच्या केसपेपरवर, तुमच्याच सिस्टरच्या अक्षरात पुढं 'उशी ओली' लिहिलंय, ते कुणी पढवलं? उशी आंघोळ करते का सोमवारची?"

खोलीत कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी मूळ केसपेपर मागवून घेतला, चष्मा पुसला आणि चारही ओळी मोठ्यानं वाचल्या. मग अजिंक्यकडे पाहून विचारलं, "यावर डॉक्टरची सही कुठं आहे?"

अजिंक्य वकिलाकडे पाहत राहिला. वकील कागदाकडे.

जालिंदर बनसोड्यांनी मग फक्त दोन प्रश्न विचारले. पहिला, तिसऱ्या दिवशी दुखणं आणि डोळ्यातून पाणी, हे ऐकून डॉक्टरनं काय करायला हवं? चंद्रिकाबाईंनी सांगितलं, त्याच वेळी मशीनवर डोळा पाहायला हवा, संशय आला तर त्याच दिवशी डोळ्यात इंजेक्शन. दुसरा, तसं केलं असतं तर डोळा वाचला असता? "खात्रीनं सांगणार नाही," त्या म्हणाल्या, कारण तेच खरं होतं. "पण वाचायची संधी मिळाली असती. ती यांना कुणीच दिली नाही. दवाखान्यानं दिली नाही, आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघांनीही दिली नाही."

समितीचा अहवाल आता भरवशाचा धरता येणार नाही, असं अध्यक्षांनी नोंदवायला सांगितलं; पुढच्या तारखेला ती सिस्टर आणि डॉ. वैरागकर, दोघांनी उलटतपासणीला हजर राहायचं. गुंडांनी फाइल अशी बंद केली की टायपिस्ट दचकला. बाहेर पडताना अजिंक्य चंद्रिकाबाईंच्या पाया पडला नाही, आणि त्यांना त्याचं बरं वाटलं.

राहिली फक्त सही. टायपिस्टनं जबानीची चार पानं काढून त्यांच्या पुढे ठेवली आणि पेन उघडून दिलं. "इथं, इथं आणि इथं. जेवायची वेळ झालीय मॅडम."

चंद्रिकाबाई खाली बसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. टायपिस्टनं घड्याळाकडे पाहिलं. शिवयोगीनं खिडक्या लावायला घेतल्या. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या.

"हे काय लिहिलंय?"

टायपिस्टनं वाकून पाहिलं. "तक्रारदार यांनी सिस्टरला सांगितले की डोळ्यात पाणी... हां. ते जुन्या अहवालातून उचललं वाटतं. अर्थ तोच की मॅडम. सगळ्यांना कळलंय आता."

"अर्थ तोच नाही," चंद्रिकाबाई म्हणाल्या. त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की व्हरांड्यातली माणसं आत बघायला लागली. "याच एका शब्दावर डोळा गेला आहे त्यांचा! 'डोळ्यातून' लिहा. डोळ्यातून पाणी वाहत होते. पान पुन्हा काढा. मी बसते."

पान पुन्हा निघालं. त्यांनी ते पुन्हा वाचलं, 'तून' वर बोट ठेवून पाहिलं आणि तीन ठिकाणी सही केली.

बाहेर बाकड्यावर काशम्मा एकटीच होती. महेश्वरी आणि वकीलसाहेब जिन्यात बोलत उभे होते. बाकड्यावरची ती कानडी बाई म्हणजे त्या कागदावरची तिसरी सही, हे एव्हाना तिला समजलं होतं. चंद्रिकाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं. डावा डोळा मी बघीन, त्यातही मोतीबिंदू आहे, फी नको, असलं काहीतरी त्यांच्या ओठावर आलं आणि त्यांनाच ते फार स्वस्त वाटलं.

काशम्मानं चष्मा काढला. उजवीकडची पापणी मिटलेलीच राहिली. डाव्या डोळ्यानं तिनं त्यांचा चेहरा नीट पाहून घेतला. राग नव्हता तिच्या आवाजात, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं.

"वळसंग काही लांब नाही," ती कानडीत म्हणाली. "तुम्हाला आमचं बोलणं येतं. घरात आईशी बोलता तसं." मग थोडी थांबून तिनं विचारलं, "नन्न याक केळलिल्ल?"

कानडीत केळ म्हणजे विचारणं. केळ म्हणजे ऐकणंही. मला का नाही विचारलंत, असं ती म्हणाली, की माझं का नाही ऐकलंत, हे त्या तीन शब्दांवरून सांगता येत नाही. चंद्रिकाबाई बाकड्यावर तिच्या शेजारी बसल्या.